चार नंबरचं कुलूप

तिला सगळे थांबाताई म्हणायचे. तोंडावर नुसतं ताई, पाठीमागे थांबाताई. पाठीमागचं तिला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही, पण माणसांनी नाव ठेवलं म्हणजे निदान आपलं बोलणं त्यांच्या कानावर पडतं, एवढा हिशेब तिनं केव्हाच मांडला होता. दिवसातून चाळीस वेळा ती हा एक शब्द बोलायची. ओल्या फरशीवरून कोणी पळालं, थांबा. कोपऱ्यावरून ट्रॉली न बघता वळली, थांबा. बाही सुटलेली, केस मोकळे, बोटात अंगठी, थांबा. कुठलीही खोली दाखवा, तिथं माणसाला इजा कशी होईल हे ती दोन मिनिटांत सांगू शकायची. काहींना गाण्याचा कान असतो, हिला अपघाताचा डोळा होता.

ती शिफ्टप्रमुख होती, एका मोठ्या धुलाई कारखान्यात. शहरातल्या तीन रुग्णालयांच्या आणि चार-पाच हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल तिथं येत. एका बाजूनं मळके गठ्ठे आत, दुसऱ्या बाजूनं घड्या घातलेले पांढरे गठ्ठे बाहेर. मधे धुण्याची यंत्रं, माणूस उभा मावेल असे सहा ड्रायर आणि खोलीच्या लांबीचा इस्त्रीचा रोलर. आवाज इतका, की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडायचं. म्हणून कानात बोळे घालायचा नियमही तिचाच. बोळे घातल्यावर एकमेकांचं काहीच ऐकू येत नाही ही तक्रार तिनं हातवाऱ्यांची एक भाषा बसवून मिटवली होती.

पण तिचा खरा नियम कुलपांचा. सहा वर्षांपूर्वी, ती नुसती घड्या घालायला असताना, रोलर साफ करणाऱ्या एका बाईचा हात कोपरापर्यंत आत गेला. आत हात असताना दुसऱ्या टोकाच्या माणसानं बटण दाबलं होतं. त्याला दिसलं नाही, तिला ओरडायला वेळ मिळाला नाही. तेव्हाच्या प्रमुखानं हात झटकले आणि नोकरी सोडली. त्या जागेवर यायला कोणी तयार होईना, म्हणून साहेबांनी हिला विचारलं. हिनं एकच अट घातली: प्रत्येकाला स्वतःचं कुलूप.

नियम साधा होता. यंत्राच्या आत किंवा मागे जायचं असेल, तर आधी भिंतीवरच्या मेन स्विचची दांडी खाली ओढायची आणि तिला आपलं कुलूप घालायचं. कुलपं बारा, प्रत्येकावर नंबर, सगळी दाराजवळच्या फळीवर खिळ्यांना टांगलेली. चावी मात्र ज्याची त्याच्या गळ्यात, दोरीला. एका कुलपाला एकच चावी. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. कुलूप न लावता यंत्राला हात लावला, तर तीन महिने यंत्रापासून दूर, मग तो कोणी का असेना. ड्रायरवर काम करणारी घाईबाई (हे नाव कसं पडलं ते सांगायला नको) दोन वर्षांपूर्वी एकदा सापडली होती. रडली, हातापाया पडली, पण थांबाताईनं तिला पूर्ण तीन महिने मळके गठ्ठे मोजायला बसवलं. तेव्हापासून कुलपं न चुकता लागू लागली.

आता एक गोष्ट, जी बारा जणांपैकी कोणालाच माहीत नव्हती. माणसं गळ्यात चावी घेऊन घरी जातात. कुलूप यंत्रावर, चावी बसमध्ये, आणि यंत्र तीन तास मढ्यासारखं पडून. हे पहिल्या वर्षात चारदा झालं. साहेबांनी तिला बोलावून फक्त एवढंच म्हटलं, "ताई, तुमचा नियम मला फार आवडतो. पण परवडला पाहिजे." त्या संध्याकाळी ती कुलूपवाल्याकडे गेली आणि बाराही कुलपांच्या जोडचाव्या करून आली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून टेबलाच्या खणात ठेवल्या. त्यासाठीही तिनं स्वतःपुरता नियम केला: माणसाला फोन करायचा, त्याचा आवाज ऐकायचा, "मी बाहेर आहे" हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं, मगच उघडायचं. पाच वर्षांत सहा-सात वेळा तसं केलं असेल. कोणाला पत्ता लागला नाही. काही बिघडलंही नाही.

त्या शनिवारी सकाळी दहाला तिच्या नवऱ्याच्या डॉक्टरांचा फोन आला. नवऱ्याला कित्येक वर्षांचा मधुमेह. पायांना संवेदना उरली नव्हती. गेले आठ महिने ती रोज संध्याकाळी त्याला खाटेवर पाय लांब करून बसवायची आणि हातातला आरसा व बॅटरी घेऊन तळवे तपासायची, कुठं चिरलं, कुठं टोचलं. रोज. आणि तरी एका पायाचा अंगठा काळा पडला होता. बुटात खडा होता, दोन दिवस. नवरा म्हणाला, "मला कळलंच नाही तर सांगणार काय?" त्या दोन दिवसांतल्या एका संध्याकाळी ती दमून तशीच झोपली होती, तळवे न बघता. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, सोमवारी अंगठा काढावा लागेल. ती म्हणाली, "बरं." फोन ठेवला. वाईट वाटायला हवं होतं. तिनं क्षणभर वाटही पाहिली, पण काही आलं नाही. हल्ली असंच व्हायचं. मग ती उठली आणि कामाला लागली.

साडेदहाला रुग्णालयाची गाडी फाटकात उभी, सहाशे चादरी हव्यात म्हणून. आणि तीन नंबरच्या ड्रायरच्या स्विचला चार नंबरचं कुलूप.

चार नंबर म्हणजे फिटरकाका. अठ्ठावन्न वर्षांचा, बुटका, सदा गुणगुणणारा माणूस. ही घड्या घालायला लागली तेव्हा जेवणाच्या सुटीत तिला एकेक यंत्र उघडून दाखवणारा तोच. ती प्रमुख झाल्यावरही तो तिला "पोरी" म्हणायचा, आणि तिला ते आवडायचं. चार महिन्यांनी तो निवृत्त होणार होता. मग जावयाबरोबर दुरुस्तीचं दुकान. पाटीसुद्धा रंगवून झाली होती, तिचा फोटो त्यानं सगळ्या कारखान्याला दाखवला होता, काहींना दोनदा.

त्या दिवशी त्यानं सांगून ठेवलं होतं: दहाला निघणार, डोळे तपासायचे आहेत. साडेदहा झालेले. त्याची स्कूटर नेहमीच्या जागी नव्हती. म्हणजे गेला, गळ्यात चावी घेऊन. थांबाताईनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. ड्रायरच्या गोल काचेतून आत पाहिलं, ड्रम रिकामा. बाजूला जाऊन एकदा हाक मारली, "काका!" रोलरच्या आवाजात ती तिलाच ऐकू आली नाही. फाटकातल्या गाडीनं हॉर्न दिला. मग ती टेबलाकडे गेली, डबा उघडला, जोडचावी घेतली, परत आली, कुलूप काढून ॲप्रनच्या खिशात टाकलं, दांडी वर केली आणि हिरवं बटण दाबलं.

मोटर किंचाळली. ड्रम मात्र फिरला नाही.

मोटर सुरू होते आणि ड्रम फिरत नाही, म्हणजे मधला पट्टा काढलेला आहे. पट्टा काढलेला आहे, म्हणजे काढणारा मागे आहे. हे तिला पुरतं समजायच्या आत तिच्या हातानं लाल बटण दाबलं होतं.

ड्रायरच्या मागच्या अरुंद बोळातून फिटरकाका बाहेर आला. दोन्ही हात पुढे धरलेले, दहाही बोटं जागच्या जागी. जुना पट्टा काढून तो नवा उचलायला खाली वाकला होता. अर्ध्या मिनिटानंतर त्याची बोटं पट्टा आणि चाक यांच्या मधे असती. स्कूटर गॅरेजमध्ये होती, तो बसनं आला होता. फोन कपाटात, कोटाच्या खिशात वाजत होता. कानात बोळे होते. डोळ्यांच्या डॉक्टरांना उशीर झाला तरी पट्टा घालूनच जावं, असा त्यानं विचार केला होता, कारण तो तसला माणूस होता.

त्यानं बोळे काढले. चेहरा चुन्यासारखा झालेला. त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही, भिंतीवरच्या स्विचकडे पाहिलं. दांडी वर, कुलूप नाही.

"कुलूप?" तो म्हणाला.

तिचा हात ॲप्रनच्या खिशात होता. कुलूप तळव्याला लागत होतं, अजून कोमट.

"मी कुलूप लावलं नाही?" तो म्हणाला. विचारलं तिला, पण उत्तर स्वतःकडेच शोधत होता. "मी... लावलं नाही वाटतं."

इथं तिनं एक वाक्य बोलायचं होतं. लांबलचक नाही, चार शब्दांचं. ते तोंडाशी आलं होतं का, याचा तिनं नंतर पुष्कळ विचार केला. खरं सांगायचं तर आलं नव्हतं. आत काही हललंच नाही. पायाला खडा लागावा आणि कळू नये, तसं.

घाईबाई ट्रॉली ढकलत आली, काकाचं तोंड बघून ट्रॉली तिथंच सोडली, त्याला उपड्या क्रेटवर बसवलं आणि पाणी आणायला धावली. तेवढ्या वेळात थांबाताई दाराजवळच्या फळीपाशी गेली आणि खिशातलं कुलूप चौथ्या खिळ्याला टांगून आली. तिनं ते ठरवून केलं नाही. पण केलं तिनंच, दुसऱ्या कोणी नाही.

पाणी पिऊन काका उठला, सावकाश फळीपर्यंत गेला आणि उभा राहिला. "इथंच आहे की," तो म्हणाला. मग स्वतःशीच मान हलवत राहिला. रोज करायची गोष्ट आज केली की काल, हे कोणाला छातीठोक सांगता येतं? कुलूप खिळ्याला होतं. त्याच्या बाजूनं बोलायला त्याच्याजवळ काही नव्हतं.

तीन महिन्यांची शिक्षा तिला सुनवावी लागली नाही. तो स्वतःच साहेबांकडे गेला आणि आपल्या हातानं लिहून दिलं: मी कुलूप लावायला विसरलो, चूक सर्वस्वी माझी. साहेबांना इतका नीटनेटका कागद कधी मिळाला नव्हता. त्यांनी थांबाताईला बोलावलं. "तुमच्यामुळे माणसांना शिस्त लागली. दुसऱ्या ठिकाणी असतं तर एकमेकांवर ढकलाढकली झाली असती." ती "हो" म्हणाली. बाहेर आली आणि टॉवेलांचे गठ्ठे मोजले. बरोबर भरले.

सोमवारी नवऱ्याचा अंगठा काढला. बुधवारी तो घरी आला. त्या संध्याकाळी पट्टी बदलताना तिनं त्याला सगळं सांगितलं, जसं घडलं तसं, कुलूप खिळ्याला टांगल्यासकट. मग तो म्हणाला, "चार महिन्यांत तो जाणारच आहे. तुझी नोकरी गेली तर औषधांचं काय? आणि कोणाला लागलं थोडंच आहे? गप्प राहा."

तिला नेमकं हेच कोणीतरी म्हणायला हवं होतं. हे ऐकलं की जीव भांड्यात पडेल असं तिला पाच दिवस वाटत होतं. आता ऐकलं, आणि काहीच झालं नाही. तिनं पट्टीला गाठ मारली, बोटांनी तपासली, फार आवळली नाही ना ते पाहिलं.

फिटरकाकाला भांडारात बसवलं होतं, अभ्र्यांच्या तुटलेल्या गुंड्या वेगळ्या करायला. दुसऱ्या आठवड्यात ती काही कामासाठी तिकडे गेली, तर तो वहीत लिहीत होता. तिला बघून त्यानं वही लपवली नाही, उलट पुढे केली. "बघ पोरी, मी उपाय काढलाय." पानावर बारीक अक्षरात ओळीखाली ओळी होत्या. सहा दहा, आलो. सहा पंधरा, चष्मा शर्टाच्या खिशात. सात, चहा घेतला. सात वीस, चहाचे पैसे दिले. आठ, बायकोला फोन केला, नळ बंद आहे.

"सगळं लिहायचं," तो म्हणाला. "मग पुन्हा बघायचं. डोकं दगा देतं, कागद देत नाही. फक्त मी लिहिलेलं खरं आहे की नाही, हे कोणी सांगायचं? तर तू दिवसातून एकदा खाली सही करत जा. तुझं लक्ष सगळीकडे असतं."

"काका, एकदा विसरलं म्हणून कोणी एवढं..." तिनं सुरुवात केली. विसरलं, हा शब्द तिच्या तोंडून गेला होता.

"एकदा कुठं? आता आठवायला बसलो तर कितीतरी. मागच्या वर्षी छत्री बसमध्ये राहिली. नातीच्या शाळेत अर्धा तास उशिरा पोचलो. बायको म्हणतेच होती, तुमचं लक्ष नसतं." तो हसला. "जावयाला सांगून टाकलं, दुकान नको. लोकांची यंत्रं उघडायची, तिथं असा माणूस चालत नाही. पाटी त्यानं माळ्यावर टाकली. बरं झालं, वेळेवर कळलं. कोणाचा हात जाण्यापेक्षा बरं."

तिनं सही केली. पेन त्याचंच होतं. सहीखाली तारीखही घातली, सवयीनं.

त्या दिवशी घरी जाताना ती एक थांबा पुढे उतरली आणि मागे चालत आली. तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण डोळे कोरडे ठणठणीत. तिला फक्त एवढं कळत होतं, की अपघात त्या शनिवारी टळला नव्हता. तो सावकाश चालू होता आणि बटण तिच्याच हाताखाली होतं. अपघाताचा डोळा म्हणे! तिला स्वतःची चीड आली. आठ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, ते हे.

रविवारी ती त्याच्या घरी गेली. पिशवीत चार नंबरचं कुलूप आणि जोडचावी. दार काकूनं उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला: किल्ली, चष्मा, फोन. स्वयंपाकघरात शेगडीच्या वर: गॅस बंद केला का? पुन्हा बघा. सगळ्या कागदांवर काकाचंच अक्षर. काकू चहा टाकायला वळली तेव्हा थांबाताई म्हणाली, "काकू, तुम्हीपण बसा. दोघांना सांगायचंय."

आणि तिनं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. जोडचाव्या, फोन, गाडीचा हॉर्न, खिशातलं कुलूप, चौथा खिळा. "तुम्ही लावलं होतं काका. मी काढलं. तुम्ही काहीच विसरला नाहीत. मी गप्प बसले."

काका खुर्चीत पुढे सरकून ऐकत होता. तिचं झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं, त्यासाठी ती तयार नव्हती. राग नव्हता. माया होती.

"तुझं मन फार मोठं आहे गं," तो म्हणाला. "पण असं करू नकोस. माझ्यासाठी स्वतःवर घेऊ नकोस. तुझ्या घरी आजारी माणूस आहे."

"काका, मी खरं सांगतेय."

"बस आधी. घाम आलाय तुला."

ती बसली नाही. पिशवीतून कुलूप काढलं, त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं, जोडचावी घातली आणि फिरवली. कुलूप उघडलं. काकानं ते उचललं, बंद केलं, तिच्या चावीनं उघडलं. गळ्यातली दोरी बाहेर काढून स्वतःच्या चावीनं उघडलं. दोन्ही चाव्या शेजारी धरून उजेडात पाहिल्या. कारागीर माणूस, त्याला ते लगेच कळलं.

"चावी आहे, मान्य," तो म्हणाला. "कधीतरी लागत असेल तुला. त्याचं मला काही नाही. पण त्या दिवशी मी कुलूप काढलंच नव्हतं खिळ्यावरून. मला स्वच्छ आठवतंय ना. मी फळीकडे हात नेला, तेवढ्यात मागून कोणीतरी हाक मारली. मी वळलो, पट्ट्याचं बोललो, आणि तसाच मागे गेलो. हात रिकामा होता. आत्ता, या क्षणी, मला तो रिकामा हात दिसतोय." त्यानं उजवा हात तिला दाखवला.

पंधरा दिवस त्यानं रात्रंदिवस तो एक क्षण घासला होता, आणि घासून घासून आता तो लखलखत होता. तिच्याकडे होतं ते नुसतं खरं.

काकूनं मात्र सगळं ओळखलं होतं. तिनं चहा टाकला नाही. दारापर्यंत सोडायला आली आणि चपला घालणाऱ्या थांबाताईला हळू आवाजात म्हणाली, "पंधरा दिवस हे मला रोज विचारतात, मी आंघोळ केली का गं? तू हे त्याच दिवशी सांगायचं होतंस." मग दार लावून घेतलं, आवाज न करता.

सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी रोजची दहा मिनिटांची बैठक असे. सगळे उभे, ती समोर. तिनं डबा आणला आणि टेबलावर पालथा केला. बारा चाव्या. ती काय बोलली ते तिला पुरतं आठवत नाही, पण काही वगळलं नाही एवढं खरं. कोणी आरडाओरडा केला नाही. एकेकजण पुढे आला, आपला नंबर शोधला, चावी उचलली. घाईबाई सगळ्यात शेवटी आली. चावी हातात घेऊन बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. "माझीपण?" ती म्हणाली. "पाच वर्षं मी त्या ड्रममध्ये शिरतेय. आत शिरताना मी चावी अशी मुठीत धरायचे, वाटायचं, आपला जीव आपल्या हातात आहे." आणि मग, "मला तीन महिने गठ्ठे मोजायला लावले होतेस तू."

साहेब मात्र चिडले, आणि चिडले ते चाव्यांवर नाही. "सांगायची काय गरज होती? सगळं मिटलं होतं!" कागद आता बदलावा लागणार होता. तो बदलला. फिटरकाकाची शिक्षा रद्द झाली, पुन्हा यंत्रांवर यायला सांगितलं. बारा नवी कुलपं आली. थांबाताईला काढलं नाही, कारण काढलं असतं तर का काढलं ते वर लिहावं लागलं असतं. तिला पुन्हा घड्या घालायच्या टेबलावर पाठवलं, कमी पगारावर. औषधांचं कसंबसं जमवता आलं. प्रमुख झाली घाईबाई. आणि नवल म्हणजे ती चांगली प्रमुख झाली. पहिल्याच आठवड्यात तिनं ड्रायरमागच्या बोळात दिवा बसवून घेतला, आत माणूस असला की पुढून दिसेल असा. एवढी साधी गोष्ट सहा वर्षांत थांबाताईला सुचली नव्हती.

टेबलावर तिच्याशी कोणी बोलत नसे. चादर दोघींनी धरायची असते, समोरासमोर टोकं जुळवायची असतात. समोरची बाई टोक द्यायची, नजर द्यायची नाही. थांबाताईला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. हे तर व्हायलाच हवं होतं, आणि होत होतं.

काका यंत्रांवर परतला नाही. साहेबांनी सांगून पाहिलं, घाईबाईनं सांगून पाहिलं, जावई स्वतः येऊन गेला. तो हसून मान हलवायचा. भांडारात बसून गुंड्या वेगळ्या करायचा आणि वहीत लिहायचा. गुणगुणणं बंद झालं होतं. खाली सही आता घाईबाई करायची.

त्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी सगळ्यांनी यंत्रं बंद केली. एवढ्या मोठ्या खोलीत अचानक शांतता झाली आणि सगळे थोडे अवघडले. काका एकेकापाशी जाऊन निरोप घेत होता. पान्यांची पेटी त्यानं घाईबाईला दिली. मग तो घड्यांच्या टेबलाशी आला. थांबाताई चादरीचं टोक धरून उभी होती, दुसरं टोक समोरच्या बाईच्या हातात.

"हे काय चाललंय?" तो समोरच्या बाईला म्हणाला, आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "हिच्याशी कोणी बोलत नाही म्हणे. लाज वाटली पाहिजे. चूक माझी होती. मी म्हातारा झालो, विसरलो. माझं नाव खराब होऊ नये म्हणून हिनं खोटं सांगितलं, स्वतःची जागा घालवली. असं कोण करतं?"

दोघा-तिघांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच. समोरच्या बाईच्या नजरेत शंका होती, आणि शंकेमागे काहीतरी मऊ होतं. गप्प राहिली असती तर ते तिचं झालं असतं.

"नाही," थांबाताई म्हणाली. आवाज घोगरा होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "कुलूप यांनी लावलं होतं. मी काढलं. काका, तुम्ही लावलं होतं हो. तुमचं डोकं शाबूत आहे. माझं ऐका एकदा."

काकानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बरं पोरी," तो म्हणाला, समजूत घालावी तसा. "लावलं होतं. तू म्हणतेस तर लावलं होतं." आणि खिशातून वही काढून, तारीख बघून, त्यानं लिहिलं: तीन दहा. पोरीचा निरोप घेतला.